मदत हवी आहे: इंदूरमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का?
नमस्कार मंडळी, बाबांची २०१२ ची स्कूटर, म्हणजे बीएस-३ या धुराच्या जुन्या सरकारी नियमांतली, आता सकाळी चारदा किक मारल्यावर सुरू होते आणि जिन्यात असा काळा धूर भरतो की खालच्या काकू वाळत घातलेले कपडे उचलून आत नेतात. आईला दमा आहे, त्यामुळे मला खरंच काळजी वाटते. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ च मिळतात हे ठीक, पण जीएसटी बघा ना, इलेक्ट्रिकवर ५ टक्के आणि पेट्रोल स्कूटरवर सप्टेंबर २०२५ मध्ये कमी होऊनसुद्धा १८, म्हणून मन इलेक्ट्रिककडे ओढतंय.

अडचण सबसिडीची आहे. इलेक्ट्रिक गाड्यांवर सूट देणारी केंद्राची फेम-२ योजना मार्च २०२४ मध्ये संपली, मग पीएम ई-ड्राइव्ह ही योजना आली, त्यात पहिल्या वर्षी बॅटरीच्या दर किलोवॅट-अवर क्षमतेमागे ५००० रुपये होते ते २०२५-२६ मध्ये २५०० झाले, आणि हे पैसे डीलरने बिलातच कमी करायचे असतात, आधारवरून ई-व्हाउचर निघतं. मी गेले तिथल्या डीलरने तोंडी सांगितलं "सबसिडी वजा करूनच भाव दिलाय ताई", पण कोटेशनवर तशी ओळच नाही! व्हाउचर मागितलं तर विषयच बदलला.

तुमच्या बिलावर ही रक्कम वेगळी दाखवली होती का? आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली प्लग नाही, तर काढता येणारी बॅटरी रोज वर न्यायला जमते का? राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, बाबांना या महिन्यातच ठरवायचंय.