सल्ला हवा: परदेशी बँड विनिपेगला यावेत म्हणून काय करता येईल?

प्रेअरीची_पोर

नमस्कार मंडळी. मी कॅनडात, विनिपेगला राहते. नोकरी वेगळीच आहे, पण संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी इथल्या एका छोट्या सभागृहासाठी स्वयंसेवक म्हणून काम करते. दोनशे माणसं मावतात, साउंड सिस्टिम चांगली आहे आणि ऐकणारे तर फारच चांगले आहेत. या शहराला संगीताचं खरं वेड आहे. गायक नील यंग शाळेत असताना इथेच बँडमधून वाजवायला लागला. 'द गेस हू' इथले, पुढच्या काळातले प्रोपगँडी आणि वीकरदॅन्सही इथलेच. बर्ड्स हिल पार्कातला लोकसंगीत महोत्सव १९७४ पासून चालू आहे आणि त्यासाठी जुलैत जगभरचे कलाकार येतात.

पण तो आठवडा संपला की बाहेरचं कुणी फिरकत नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिसला शनिवारी वाजवलेला बँड आमच्याकडे न वळता सरळ पश्चिमेला निघून जातो. आम्हाला स्टेडियमवाले नकोत. पोर्तुगाल, आइसलंड, माली, ब्राझील, किंवा शेजारच्या अमेरिकेतलेच दीडशे-दोनशे लोकांसमोर वाजवणारे बँड हवेत. त्यांच्या एजंटांना मेल पाठवतो, पण बहुतेकांचं उत्तरच येत नाही. आलं तर मानधनाचा आकडा अमेरिकन डॉलरमध्ये, आणि खाली टॅक्सबद्दल एक ओळ, जी आमच्यापैकी कुणालाच नीट कळत नाही.

ज्यांनी कॅनडात असे कार्यक्रम केलेत किंवा जवळून पाहिलेत, त्यांनी सांगाल का?

रात्रीचा_सेटअप (कॅलगरी)

मी इथे साउंडचं काम करतो आणि बुकिंगमध्येही हात असतो. तुमच्या मेलना उत्तर का येत नाही हे एजंटच्या टेबलावरून बघा. मिनियापोलिस ते विनिपेग साधारण ७३५ किलोमीटर. विनिपेगहून पुढचं मोठं गाव रेजायना, आणखी ५७५. म्हणजे तुमची एक रात्र घेण्यासाठी बँडचे दोन दिवस रस्त्यावर जातात आणि मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आहे. दुसरीकडे फार्गो, बिलिंग्ज, मिझूला करत सिअ‍ॅटलला जाणारा रस्ता अमेरिकेतच राहतो. तुम्ही कितीही प्रेमाने लिहिलंत तरी एकट्या विनिपेगचा हिशेब जुळत नाही.

म्हणून मेलमध्ये एक तारीख मागू नका, आठवडा द्या. शनिवारी मिनियापोलिस, रविवार प्रवास, सोमवारी विनिपेग, मंगळवारी रेजायना, बुधवारी सॅस्कटून, गुरुवारी एडमंटन, शुक्रवारी कॅलगरी. पुढे बॅन्फवरून डोंगर ओलांडून व्हँकुव्हर, तिथून सिअ‍ॅटल. रेजायना-सॅस्कटून २६० किलोमीटर, सॅस्कटून-एडमंटन सव्वापाचशे, एडमंटन-कॅलगरी तीनशे. हे अंतर बँडला झेपतं. पाच रात्रींचं मानधन एकाच मेलमध्ये दिसलं की एजंट वाचतो.

यासाठी पाच गावांतली माणसं एकमेकांना ओळखणारी हवीत. सॅस्कटूनला बँडसाठी अमिगोज ही जागा आहे, जॅझ असेल तर द बेसमेंट आहे. एडमंटनचा यार्डबर्ड स्वीट हा जॅझ क्लब तर स्वयंसेवकच चालवतात, ते तुमच्याशी नक्की बोलतील. आधी या लोकांना फोन करा, एजंटला नंतर. पश्चिमेकडचे उन्हाळी महोत्सव वर्षानुवर्षं हेच करत आलेत. जुलैच्या सुरुवातीला विनिपेग, मग व्हँकुव्हर, महिनाअखेरीस कॅलगरी, ऑगस्टमध्ये एडमंटन. एखादा कलाकार युरोपातून आला तर एका विमानभाड्यात तीन-चार महोत्सव करून जातो.

आणि सोमवार-मंगळवार मागायला लाजू नका. शुक्रवार-शनिवारसाठी तुमची झुंज मिनियापोलिस आणि कॅलगरीशी आहे, ती तुम्ही हराल. सोमवार एजंटलाही भरायचा असतो.

मिसिसिपीकाठ (मिनियापोलिस)

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. इकडून एक भर घालते. आमच्याकडे फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू ही कार्यक्रमांची जागा आणि तिच्याच जोडीच्या लहान जागांची वेळापत्रकं कार्यक्रमाच्या कितीतरी महिने आधी जाहीर होतात. पण तारीख जाहीर झाली म्हणजे राउटिंग, म्हणजे दौऱ्याचा मार्ग, ठरलेलं असतं. तेव्हा लिहून उपयोग नाही. एखाद्या बँडचा नवा अल्बम येणार हे कळलं की त्याच आठवड्यात लिहा. साधारण सहा ते नऊ महिने आधी.

करारात रेडियस क्लॉज असतो, म्हणजे अमुक अंतरात अमुक दिवस दुसरीकडे वाजवायचं नाही. विनिपेग सीमेपलीकडे आणि इतक्या लांब असल्याने तुम्हाला तो सहसा आडवा येऊ नये, पण फार्गोचा कार्यक्रम असेल तर आधी विचारा. फार्गो तुमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरवरच आहे.

प्रेअरीची_पोर

दोघांचेही आभार. सॅस्कटून आणि एडमंटनला कधी फोन करावा असं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता पैशांचं कुणी सांगेल का? तिकीट २५ डॉलरच्या वर गेलं तर आमच्याकडे तरुण मुलं येत नाहीत. आणि ती टॅक्सची ओळ?

जमाखर्च (मिसिसॉगा)

मी अकाउंटंट आहे, कलाकारांची कामं करतो. टॅक्सची ओळ म्हणजे रेग्युलेशन १०५. अनिवासी व्यक्तीने कॅनडात येऊन सेवा दिली, तर पैसे देणाऱ्याने त्यातले १५ टक्के कापून कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडे भरायचे. कापायची जबाबदारी तुमची, बँडची नाही. कापले नाहीत तर वसुली तुमच्याकडून होते, हे तुमच्या समितीला स्पष्ट सांगा. वर्षअखेरीनंतर किती दिले आणि किती कापले हे दाखवणारी टी४ए-एनआर ही स्लिपही तुम्हीच द्यायची.

पण छोट्या बँडसाठी सोय आहे. स्वतंत्रपणे काम करणारा कलाकार त्या वर्षात कॅनडात १५,००० कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त कमावणार नसेल, तर त्याला आर१०५-एस हा सोपा अर्ज करून कपातीतून सूट मागता येते. अर्ज कार्यक्रमाच्या किमान तीस दिवस आधी जायला हवा. चार जणांचा बँड असेल तर प्रत्येकाचा वेगळा. आठवडाभराचा दौरा असेल तर सगळ्या गावांची करारपत्रं एकत्र जोडा. सूट वेळेत मिळाली नाही तर १५ टक्के कापा, बँडने पुढच्या वर्षी कॅनडात रिटर्न भरून परतावा घ्यावा. अनेक जण तो घेतच नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा.

करारात 'टॅक्स वगळून निव्वळ' असे शब्द असतील तर सावध राहा. निव्वळ १,००० हातात द्यायचे ठरले तर खर्च १,००० नाही, सुमारे १,१७६ होतो.

आता तुमच्या सभागृहाचा हिशेब मांडून बघू. १२० तिकिटं, प्रत्येकी २५ डॉलर, त्यात पाच टक्के जीएसटी धरलेला: ३,००० मधून जीएसटी जाऊन २,८५७. सोकॅनला, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेला, तिकीटविक्रीच्या ३ टक्के, साधारण ८६. साउंड इंजिनिअर २५०, हॉलचा खर्च ५००, हॉटेलच्या दोन खोल्या ३००, जेवण १५०, पोस्टर आणि जाहिरात १००. उरले १,४७० च्या आसपास. अमेरिकन डॉलर १.४० धरला तर एक हजार अमेरिकन डॉलर म्हणजे १,४००. म्हणजे साठ टक्के हॉल भरला तर तुम्ही एक हजार अमेरिकन डॉलरची गॅरंटी, म्हणजे ठरलेलं किमान मानधन, देऊ शकता आणि हातात जेमतेम सत्तर डॉलर राहतात. त्याहून जास्त मागणाऱ्याला कमी गॅरंटी आणि त्या पुढच्या उत्पन्नात मोठा वाटा असा करार द्या. हॉल भरेल असं ज्या बँडला वाटतं तो हा करार घेतो.

जेवण आणि राहण्याच्या रकमेत काटकसर करू नका. बँड गावाबद्दल दुसऱ्या बँडना काय सांगतात ते बहुतेक यावरच ठरतं.

लाल_नदी (विनिपेग)

ताई, तुमचं काम बघून बरं वाटलं. मी इथे फार वर्षं आहे, म्हणून सीमेबद्दल लिहितो.

२०१३ च्या जुलैअखेरीस केंद्र सरकारने परदेशी कामगारांच्या नियमात बदल केला. बार आणि रेस्टॉरंटसारख्या जागेत वाजवायला येणाऱ्या प्रत्येक परदेशी वादकामागे २७५ डॉलरचं शुल्क, ना-परतावा. चार वादक आणि एक साउंडवाला म्हणजे वाजवण्याआधीच चौदाशेच्या जवळ. मोठ्या सभागृहांना ते लागू नव्हतं, छोट्यांचंच कंबरडं मोडत होतं. कॅलगरीतून सुरू झालेल्या याचिकेवर लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि २०१४ मध्ये तो जाच उठला. आता ठरावीक तारखांसाठी येणाऱ्या परदेशी बँडला आणि त्याच्या आवश्यक तंत्रज्ञांना साधारणपणे वर्क परमिटशिवाय वाजवता येतं, फक्त ते तुमचे नोकर असता कामा नयेत. हे अजूनही पुष्कळ अमेरिकन बँडना माहीत नाही. 'कॅनडा म्हणजे कटकट' हे त्या काळापासून डोक्यात बसलंय. पहिल्याच मेलमध्ये हे दोन ओळींत लिहा.

एमर्सनच्या सीमानाक्यावर बँडकडे काय हवं? सगळ्या तारखा, जागांचे पत्ते, मानधन आणि तुमचा चालू फोन नंबर असलेलं निमंत्रणपत्र. वाद्यांची सिरियल नंबरसह यादी. विकायला आणलेल्या टी-शर्ट आणि रेकॉर्डची नग आणि किमतीसह वेगळी यादी, कारण त्यावर कर भरावा लागतो. फोन त्या संध्याकाळी खरोखर कुणीतरी उचलला पाहिजे.

एक गोष्ट आधीच विचारा, अवघड वाटली तरी: बँडमधल्या कुणावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा आहे का? १८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडात हा गंभीर गुन्ह्यांत धरला जातो, आणि त्यामुळे अमेरिकन वादकाला नाक्यावरून परत पाठवू शकतात. ड्रमर परत गेला तर कार्यक्रम गेला. आधी कळलं तर खास परवान्यासाठी अर्ज करता येतो.

फ्योर्ड_आणि_फरसाण (माँट्रियल)

युरोपातल्या बँडबद्दल थोडं. नॉर्वे, आइसलंड, फिनलंड, स्वीडन या देशांची आपापलं संगीत परदेशी पाठवणारी कार्यालयं आहेत आणि प्रवासखर्चाला मदत मिळू शकते. पण अर्ज बँडला करावा लागतो आणि त्याला कॅनडातल्या आयोजकाचं ठाम पत्र लागतं. ते पत्र तुम्ही देऊ शकता, तेही फुकट. जर्मन बँडसाठी ग्योटे इन्स्टिट्यूट, फ्रेंच भाषिकांसाठी आलियान्स फ्रांसेज या सांस्कृतिक संस्थांना विचारा. विनिपेगच्या सेंट बोनिफेसमध्ये फ्रेंच बोलणारा एवढा समाज आहे, त्यामुळे मालीचा किंवा सेनेगलचा बँड आला तर श्रोता तिथेही मिळेल. याउलट इथली बहुतेक सरकारी अनुदानं कॅनेडियन कलाकारांसाठी असतात, त्यांच्या भरवशावर परदेशी बँडचं बजेट करू नका.

दर वर्षी शरदात इथे मुंदियाल माँट्रियल भरतं, जगभरच्या संगीताचं शोकेस, म्हणजे आयोजकांसमोर बँड वाजवून दाखवतात तो मेळावा. कॅनडातले आयोजक तिथे भेटतात. प्रेअरीच्या, म्हणजे या मैदानी पट्ट्यातल्या, गावांतले पाच जण मिळून एकाला पाठवा.

आणि आत्ता हे करण्याची वेळ खरंच चांगली आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने पी वर्गाच्या कलाकार-व्हिसाच्या अर्जाची मूळ फी ४६० वरून मोठ्या अर्जदारांसाठी १,०१५ डॉलर केली. लहानांनाही जास्तच पडते. छोटे युरोपियन बँड नुसता कॅनडाचा दौरा जमेल का असं विचारू लागलेत. पोर्तुगाल किंवा आइसलंडच्या पासपोर्टवर विमानाने येणाऱ्याला सात डॉलरचं ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी, पुरतं. मालीच्या बँडला मात्र व्हिसा लागेल, त्यासाठी पुष्कळ आधी सुरुवात करा.

विमानाने येणाऱ्या बँडना ड्रम आणि अँप्लिफायर तुम्ही द्या. लाँग अँड मॅकक्वेड या वाद्यांच्या दुकानात भाड्याने मिळतात. गिटार पाठीला लावून विमानातून उतरता आलं तर त्यांचा निम्मा खर्च आणि चिंता जाते.

सूरपेटी_एडमंटन

अवांतर वाटेल, पण आपल्या मंडळांचे दौरे याच तत्त्वावर चालतात. महाराष्ट्रातून गायक-वादक येतात तेव्हा अमेरिकेतली मंडळं एकापाठोपाठ एक शनिवार-रविवार वाटून घेतात. कॅनडाचा प्रेअरी पट्टा त्यातून गळतो, कारण भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा काढावा लागतो आणि तो विचार कुणी वेळेत करत नाही. विनिपेग, सॅस्कटून, एडमंटन, कॅलगरीच्या मंडळांनी एकत्र पत्र दिलं तर तेही जमेल. ताई, तुमच्या हॉलला एखाद्या रविवारी दुपारी सतार-तबल्याचा कार्यक्रम चालेल का?

गॅरेज_बँडवाला (हॅमिल्टन)

थोडं वेगळं मत. बाहेरच्यांच्या मागे लागण्याआधी स्थानिक बँडला त्याच मंचावर नीट पैसे देऊन वाजवू द्या. अनोळखी पोर्तुगीज बँडसाठी १२० माणसं येणार नाहीत. आवडत्या स्थानिक बँडनंतर तो वाजवणार असेल तर येतील. सुरुवातीच्या बँडला शंभर-दोनशे डॉलर बाजूला ठेवा, पोस्टरवर दोघांची नावं सारख्या आकारात छापा. उद्या तोच बँड लिस्बनला गेला की त्याला तिथे झोपायला घर मिळतं.

प्रेअरीची_पोर

सूरपेटी, रविवार दुपार नक्की चालेल, व्यक्तिगत निरोप पाठवते. गॅरेज_बँडवाला, जमाखर्च यांच्या हिशेबात सत्तरच उरतात, स्थानिक बँडचे दोनशे कुठून आणू?

जमाखर्च

तिकीट २५ च ठेवा, आणखी सहा माणसं आणा. स्थानिक बँडचे मित्रच तेवढे असतात. आणि बारचं उत्पन्न हॉलकडे जात असेल तर त्यांना सांगा, भाडं ५०० ऐवजी ३५० करा. सोमवारी हॉल एरवी रिकामाच असतो ना?

प्रेअरीची_पोर

हो, सोमवारी कुलूपच असतं. भाड्याचं या आठवड्यात बोलते. शेवटचा प्रश्न: जानेवारी-फेब्रुवारीत प्रयत्न करावा की नाही?

रात्रीचा_सेटअप

अमेरिकेतून रस्त्याने येणाऱ्यांसाठी नाही. वादळ आलं की नॉर्थ डकोटातला आय-२९ आणि आपल्याकडचा ट्रान्स-कॅनडा हे दोन्ही महामार्ग बंद होतात, आणि एक रात्र अडकली की पुढची चारही गावं कोसळतात. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आणि एप्रिलअखेर ते मे धरा. हिवाळ्यात विमानाने येणारा एकटा-दुकटा गायक घ्या. मी कॅलगरीच्या दोन जागांशी ऑक्टोबरचा शुक्रवार बोलून ठेवतो. सॅस्कटून तुम्ही करा.