मदत हवी आहे: टी-चाचणी आणि काई-वर्गाची गृहीतकं नेमकी कशी तपासायची?

नमस्कार मंडळी. मी एम.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी माध्यम. बी.ए. मराठी घेऊन केलं, मग अकरा वर्षं शाळेत शिकवतेय. टी-चाचणी (दोन मध्यमानांतला फरक योगायोगाचा आहे का ते पाहणारी) आणि काई-वर्ग (दोन वर्गीकरणांत संबंध आहे का ते पाहणारी), दोन्हींची सूत्रं पाठ आहेत, आकडेमोडही सहसा चुकत नाही. अडतं ते त्याच्या आधी, ही चाचणी इथे लावता येते का हे ठरवताना.

अंतर्गत परीक्षेत असं उदाहरण होतं. आठ विद्यार्थी, वाचन-आकलनाची २५ गुणांची चाचणी, मध्ये महिनाभर अध्यापन.

पूर्व चाचणी: ९, १२, १५, ७, १८, ११, १४, १०
उत्तर चाचणी: ११, १५, १६, १०, १९, १५, १५, १२

मध्यमानं आली १२ आणि १४.१२५. प्रचरणं (गुण किती विखुरलेत त्याचं माप) १२.५७ आणि ८.७०, एफ (त्या दोन प्रचरणांचं गुणोत्तर) १.४५, कोष्टकात ३.७९. प्रचरणं समान धरायला हरकत नाही म्हटलं आणि निर्धास्तपणे स्वतंत्र गटांची टी लावली. टी १.३०, स्वाधीनता मात्रा (कोष्टकातली कुठली ओळ पाहायची ते ठरवणारी संख्या) १४, कोष्टकात ०.०५ पातळीला २.१४५. शून्य परिकल्पना (‘फरक नाही’ हे विधान) कायम, असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळले. दहापैकी दोन गुण मिळाले. समासात लाल शाईत एकच शब्द होता, ‘गृहीतक?’

घरी येऊन प्रत्येक मुलाचा फरक मांडला: २, ३, १, ३, १, ४, १, २. एकही मूल मागे गेलेलं नाही! या फरकांवरून टी आली ५.३४, स्वाधीनता मात्रा ७, कोष्टकात २.३६५. आकडे तेच आणि निष्कर्ष बरोबर उलटा. तेव्हा कुठे लक्षात आलं की मी प्रचरणं तपासत बसले, पण दोन्ही गटांत तीच मुलं आहेत हे पाहिलंच नाही.

आता दोन गोष्टी कृपया समजावून सांगा.

एक, सहसंबंधित गटांच्या (म्हणजे दोन्ही वेळा तीच मुलं असतानाच्या) टीमध्ये प्रसामान्यता (घंटेच्या आकाराचं वितरण) कशाची पाहायची, गुणांची की फरकांची? आणि आठच आकडे असताना ‘वितरण प्रसामान्य आहे’ असं कुठल्या तोंडाने लिहायचं?

दोन, काई-वर्गात ‘५ पेक्षा कमी वारंवारता नको’ म्हणतात ती कुठली? सरावाला ३० पालकांचं हे कोष्टक आहे. पदवीधर ९: त्यात असहमत ६, सहमत ३. इतर २१: असहमत ४, सहमत १७. इथे ३ आणि ४ दोन्ही खटकतायत. लेखी पेपर तीन आठवड्यांवर आलाय.

प्रतिसाद १

ताई, प्रसामान्यता फरकांची पाहायची. मुळात हुशार मूल दोन्ही वेळा वरच राहतं, कच्चं दोन्ही वेळा खाली. वजाबाकी केली की मुलामुलांतलं हे अंतर बाजूला पडतं, म्हणूनच तुमची टी १.३० वरून ५.३४ वर गेली.

आठ आकड्यांवरून प्रसामान्यता सिद्ध होत नाही, तसा दावा करूच नका. एक आडवी रेघ ओढा आणि फरकांचे ठिपके द्या. १ वर तीन, २ वर दोन, ३ वर दोन, ४ वर एक. थोडं डावीकडे झुकलंय, पण एकटा लांब पडलेला ठिपका नाही. उत्तरात एवढंच लिहा: ‘फरकांत टोकाचं मूल्य नाही, समष्टीत फरक प्रसामान्य आहेत असं गृहीत धरून’. त्यात एखादा फरक १५ असता तर मी टी सोडून विल्कॉक्सनच्या चिन्हांकित क्रमांक चाचणीकडे (तिला प्रसामान्यता लागत नाही) गेलो असतो. नमुना तिसाच्या वर गेला की ही अट बरीच सैल होते. स्वतंत्रतेची अट मात्र कितीही मोठ्या नमुन्याने सैल होत नाही. मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल तर कुठलंही सूत्र ते दुरुस्त करत नाही.

आणि खरोखरच दोन वेगळे गट असून प्रचरणं फार वेगळी आली, तर वेल्चची टी (प्रचरणं समान न धरणारी) वापरा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९३८ साली याच अडचणीसाठी कोष्टकं काढली होती. मला त्याचा फार अभिमान वाटतो, म्हणून सांगितलं.

प्रतिसाद २

काई-वर्गाचं मी सांगते. अट अपेक्षित वारंवारतेची (दोन गोष्टींत संबंध नसता तर त्या घरात जितके आले असते ती) आहे, निरीक्षित (प्रत्यक्ष मोजलेल्या) नव्हे. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले ३०. तुमच्या कोष्टकात पदवीधर-असहमत ३, पदवीधर-सहमत ६, इतर-असहमत ७, इतर-सहमत १४. बघा, तुम्हाला खटकलेल्या ३ च्या घरात अपेक्षित ६ आहे, ते ठीक. अडचण आहे ती निरीक्षित ६ च्या घरात, तिथे अपेक्षित फक्त ३.

परीक्षेत येट्सची दुरुस्ती करा, प्रत्येक फरकातून ०.५ वजा. काई-वर्ग ६.४३ चा ४.४६ होतो. कोष्टकातल्या ३.८४१ पेक्षा तो अजूनही जास्त आहे, म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग. संगणक हाताशी असेल तर अशा लहान कोष्टकाला फिशरची अचूक चाचणीच (ती संभाव्यता थेट मोजते) लावावी. आणि प्रत्येक पालक एकाच घरात मोजलेला हवा. आई-बाबा दोघांनी एकाच मुलासाठी फॉर्म भरला असेल तर ती दोन स्वतंत्र मतं धरू नका.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. ठिपके काढून पाहिले आणि पहिल्यांदा ‘फरकांचं वितरण’ डोळ्यांना दिसलं. ते आई-बाबांचं वाचून मात्र दचकले. माझ्या प्रबंधाच्या प्रश्नावल्यांत अशी सात-आठ घरं नक्की आहेत. आज रात्री गठ्ठा उघडून वेगळी काढते.