मदत हवी आहे: आईचा सॅमसंग लोगोवर अडकलाय, आतलं काही न जाता ओडिनने (लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) फर्मवेअर (फोनची मूळ सिस्टीम) कसं टाकू?

नमस्कार मंडळी, वाळपईजवळच्या गावातून लिहितोय. आईचा गॅलेक्सी ए सिरीजचा फोन परवापासून चालूच होत नाही, लोगो येतो, एकदा थरथरतो, काळा पडतो, परत लोगो, असंच चाललंय. झालं असं की अपडेट बसत होता, बाहेर पाऊस धो धो, लाईट गेलेली, स्क्रीन बराच वेळ हलेना म्हणून आईला वाटलं हँग झाला आणि तिने बटणं दाबून धरून बंद केला. तिची काही चूक नाही, अपडेट चालू असताना हात लावू नको हे मीच सांगायला हवं होतं.

म्हापशात एका दुकानात नेला, तो म्हणाला रिसेट मारून देतो पण आतलं सगळं जाईल. मी तसाच परत घेऊन आलो. यात आजीच्या आवाजातली धालोची, म्हणजे आमच्याकडच्या बायकांच्या लोकनृत्याची, गाणी आहेत. पौषात मांडावर (गावातल्या ठरलेल्या जागी) बायका जमायच्या तेव्हाची थोडी, आणि बाकीची घरीच, आजी भाजी चिरत बसलेली असताना आईने बाजूला फोन ठेवून घेतलेली, मधे मधे विळीचा आवाजही येतो. आजी गेल्या चवथीनंतर वारली. मेमरी कार्ड नव्हतं, बॅकअप कुठेच नाही. फोन मोडीत गेला तरी चालेल, त्या फाईली मिळायला हव्यात.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. रिकव्हरी, म्हणजे फोन चालू न होताही उघडणारा दुरुस्तीचा मेनू, नुसत्या बटणांनी उघडेना, केबलने लॅपटॉपला जोडून पॉवर आणि व्हॉल्यूम अप धरलं तेव्हा उघडली. तिथे वाइप कॅश पार्टिशन केलं, रिपेअर ॲप्स केलं, फरक शून्य. सगळं पुसणाऱ्या वाइप डेटाला हात लावलेला नाही. मग फर्मवेअर उतरवला, जवळजवळ ६ जीबीची झिप, आमच्याकडच्या रेंजला रात्रभर लागली. आत सिस्टीमच्या वेगवेगळ्या भागांच्या पाच फाईली, बीएल, एपी, सीपी, सीएससी आणि होम सीएससी. ओडिनमध्ये सीएससीचा खाना एकच, एक व्हिडिओवाला सांगतो सीएससी टाका, दुसरा म्हणतो होम. मी होम टाकून धीर करून एकदा स्टार्ट दाबलं तर सेटअप कनेक्शनवरच अडकलं, अर्धा तास वाट बघून केबल काढली. आता भीती वाटतेय की अर्धवट काही लिहिलं गेलं की काय. आणखी एक, रिकव्हरीत वर जो आवृत्तीचा लांबलचक नंबर दिसतो त्यात शेवटून पाचवं अक्षर ४ आहे, मी उतरवलेल्या फाईलमध्ये तिथे ३ आहे. हे चालेल का? कृपया नीट माहिती असलेल्यांनीच सांगा.

डिचोलीकर:
आधी घाबरणं सोड, सेटअप कनेक्शनवर अडकलं म्हणजे फोन आणि ओडिन यांचं बोलणंच सुरू झालं नव्हतं, काही लिहिलं गेलेलं नाही. आणि ते अडकलं हे बरंच झालं कारण ती फाईल चालणारच नव्हती. शेवटून पाचवं अक्षर म्हणजे बूटलोडरचा (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) आकडा, तो फोनच्या आकड्यापेक्षा कमी असला की फोन घेतच नाही, स्क्रीनवर लाल अक्षरात रेव्ह चेक फेल असं येतं. ४ किंवा त्याच्या वरचा शोध, मॉडेल नंबर अगदी तोच, भारतातला फोन असेल तर आयएनएस (भारताचा कोड) असलेली.

सीएससीच्या खान्यात होम सीएससीच. साधी सीएससी टाकलीस तर डेटा पुसला जातो, तुझ्या बाबतीत सगळं यावरच आहे तेव्हा स्टार्टच्या आधी फाईलचं नाव दोनदा वाच. ऑप्शन्समध्ये री-पार्टिशनला टिक नको. अडकण्यावर उपाय म्हणजे दुसरी केबल, दुसरा पोर्ट, मधे हब नको, आणि सॅमसंगचं स्मार्ट स्विच सॉफ्टवेअर लॅपटॉपवर मागे चालू असेल तर बंद कर. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बस, या दिवसांत आपल्याकडच्या लाईटचा भरवसा नाही.

आणि कोणी बूटलोडर अनलॉक कर म्हणालं तर ऐकू नको, त्यानेही डेटा पुसतो. चिप काढून फाईली वाचून देतो म्हणणाऱ्याकडेही जाऊ नको, आतलं सगळं एन्क्रिप्टेड असतं, फोन नीट चालू होऊन आईचा पिन पडला तरच उघडतं.

सत्तरीचा (धागाकर्ता):
झालं!! ४ वाली फाईल काल रात्री वाळपईत मित्राकडे बसून उतरवली. केबलचाच घोळ होता, बहिणीच्या फोनची केबल लावली तर लगेच पुढे सरकलं आणि शेवटी हिरव्यात पास आलं. पहिल्यांदा चालू व्हायला इतका वेळ लागला की माझे हात गार पडले, पण लोगो गेला आणि पिन मागितला. आईने स्वतः टाकला. गाणी सगळी आहेत, १७ फाईली, आता लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर दोन्हीकडे कॉपी चालू आहे, आई बाजूलाच बसलीय, एक एक लावून बघतेय. डिचोलीकर, देव बरें करूं.