मोनेमवासिया: तटाच्या आत राहावं का? (सासूबाईंचा गुडघा लक्षात घेऊन)

खडीसाखर:
मेअखेरीस ग्रीस. अथेन्सनंतर दोन रात्री मोनेमवासियाला, म्हणजे समुद्रातल्या खडकावरच्या, पुलाने किनाऱ्याशी जोडलेल्या तटबंदीच्या गावात. तटाच्या आतल्या, डागडुजी केलेल्या जुन्या घरात राहायचं फार मनात आहे. पण सोबत सासूबाई, वय ७१, एक गुडघा बदललेला. फोटोंत जिकडेतिकडे पायऱ्याच दिसतात. की मुकाट्याने पुलाअलीकडे गेफिरात हॉटेल घेऊ? आम्ही शाकाहारी.

उनाडटप्पू:
आतच राहा. दिवसाची गर्दी संध्याकाळी परत जाते, मग गाव आपलंच. फक्त बुकिंगआधी विचारा, दरवाजापासून पायऱ्या किती? मिनिटं विचारू नका! आम्हाला "चार मिनिटं" सांगितलं होतं. चारच लागली, पण पायऱ्या ६३, बायकोने बॅग उचलून मोजल्या. गाडी पश्चिम दरवाजाबाहेरच राहते. गावाचं नावच मुळी 'एकच वाट' अशा अर्थाचं. दरवाजातली वाटही आपल्या गडांसारखी वळण घेते.

खडीसाखर:
६३!! बोंबला.

तिखटमीठ:
खोली माळ्याची नको. जुन्या घरांत पलंग वर लाकडी माळ्यावर आणि न्हाणीघर खाली, असं असू शकतं. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाचे हाल. आमच्या खोलीला दगडी कमानीचं छत, भिंत हातभर जाड, दुपारी एसीची आठवणसुद्धा झाली नाही. खडकावर पाण्याची वानवा, म्हणून घरोघरी पावसाच्या पाण्याचं टाकं असायचं. आमच्याकडचं अजून शाबूत होतं, मालकीणबाईंनी झाकण उघडून दाखवलं.

वरच्या गावातल्या बाराव्या शतकातल्या आगिया सोफिया चर्चला सासूबाईंना नेऊ नका. नागमोडी चढ आहे आणि दगड पावलांनी गुळगुळीत झालेत. त्यांना खालच्या गावातल्या एल्कोमेनोस चर्चच्या चौकात तोफेशेजारी बसवा, समोर समुद्र.

जेवायला फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच), गिगांतेस (मोठे पांढरे घेवडे), होर्ता (उकडलेली पालेभाजी). कुणी "निस्तीसिमो आहे" म्हटलं तरी खातरजमा करा. ते उपासाचं, त्यात कोळंबी न्‌ ऑक्टोपस चालतात.

उनाडटप्पू:
+१. आणि बदामाचे अमिग्दालोता (तिथली मिठाई) आणायला विसरू नका.

खडीसाखर:
दरवाजाजवळची, तळमजल्याची खोली मिळाली. ९ पायऱ्या, त्यांच्याकडून लेखी घेतलंय. सासूबाईंना चौकाचं सांगितलं, तर म्हणाल्या, "तोफेजवळ तू बस, मी वर जाऊन येते." आता काठी कुठली घ्यावी, तेही सांगा.