फौजी घरांतली दिवाळी-संक्रांत, गावापासून लांबची

सायली_क
काल माळा आवरताना बाबांची काळी लोखंडी ट्रंक निघाली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, खाली '५६ एपीओ', म्हणजे फौजेच्या टपालाचा पत्ता. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. बाबा लडाखला फील्डवर, आम्ही मायलेकी जालंधरला क्वार्टरमध्ये. पुढे बर्फाने जोजिला घाट बंद झाला की काय भरवसा, म्हणून आई फराळाचं पार्सल आधीच मांजरपाटात शिवायची, दाभणाने, वर शाईने पत्ता. बाबांचं पत्र यायचं, "चकलीचं पीठ मिळालं." तुमचेही किस्से टाका.

राधाक्का
लग्नानंतरची पहिली संक्रांत. ह्यांची सुट्टी मंजूर, झेलमचं रिझर्वेशन हातात. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि सुट्टी रद्द, पलटण राजस्थान बॉर्डरवर. मी काळी साडी, हलव्याचे दागिने घालून एकटीच पाटावर. ह्यांचा हलव्याचा हार सासूबाईंनी डब्यात जपून ठेवला होता. दिरांच्या पोरांनी एकेक दाणा करत संपवला, शेवटी नुसता दोरा उरला 😄

मेघना७७
राधाक्का 😂😂 हलवा घरी केलेला का? माझ्या हलव्याला काटाच येत नाही.

निवृत्त_हवालदार
आमची मराठा पलटण. सगळ्यांनाच गणपती नाहीतर दिवाळीला गावी जायचं, आणि सगळ्यांना एकदम सोडणार कोण? एकाची दिवाळी तर दुसऱ्याचा शिमगा. मिश्र युनिटात बरं, नाताळला एक जातो, ईदला दुसरा. पण घरच्यांना वाटतं आम्ही तिकडं रडत बसतो, तसं काही नाही. बडा खाना असतो, म्हणजे सगळ्यांचं एकत्र मोठं जेवण, साहेब लोक हातानं वाढतात. वाईट वाटायचं ते दुसऱ्या दिवशी, सगळं सामसूम झाल्यावर.

सायली_क
काका, बाबा हे कधी बोललेच नाहीत.

निवृत्त_हवालदार
बोलत नसतात ताई.

अनू_पठाणकोट
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. लहानपणी १३ तारखेला शेजारच्या आंटींची लोहडी, १४ ला आमचा तिळगूळ. आंटी रेवड्या द्यायच्या, आई लाडू. "गोड गोड बोला" म्हणायला सांगितलं की त्या हिंदी, पंजाबी, मराठी सगळं मिसळायच्या. पोस्टिंग बदललं, पत्ता हरवला. परत येते, शिट्टी झाली.

दर्यावर्दी_बायको
नेव्हीवाल्यांना विसरलात! 😤 जहाज समुद्रात, फोन लागत नाही, आकाशकंदील लावायला स्टुलावर मीच.

गाव_आपशिंगे
आमच्या सातारा जिल्ह्यात या. गावाचं नावच मिलिटरी आपशिंगे. दिवाळीला पारावर तरणी पोरं कमी, पेन्शनर जास्त. कुणाची सुट्टी मंजूर झाली हे घरच्यांआधी पाराला कळतं.

राधाक्का
मेघना, घरचाच. पाक पातळ ठेव, चमचा-चमचा घाल, मंद आचेवर हातानं हलवत राहा. थंडीत पहाटे कर, दुपारी काटा येत नाही.

मेघना७७
हात भाजतात हो!

राधाक्का
भाजणारच. सासूबाई बोटांना कापड गुंडाळायच्या.