बेइजिंग, शिआन, शांघाय: नवराबायकोची सहल, हलाल जेवण आणि नमाज कसं जमवावं?

तांदळजाकर, वडोदरा

सर्वांना सलाम आणि नमस्कार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि पत्नी चीनला निघतोय. वडोदऱ्याहून दिल्ली आणि तिथून पुढे. दहा दिवसांत बेइजिंग, शिआन आणि शांघाय एवढंच करायचं आहे. भिंत, राजवाडा, मातीचे सैनिक बघायचेच आहेत, पण शांघायचे मनोरे आणि वेगवान गाड्याही सोडायच्या नाहीत. दोघंही हलालच्या बाबतीत काटेकोर आहोत आणि पत्नी हिजाब घालते. एजंट म्हणतो, तिन्ही शहरांत रोज भारतीय हॉटेलात जेवण लावून देतो. ते घ्यावं का? तसं नसेल तर खायचं कुठे, नमाज कुठे, आणि तिकिटं केव्हा काढायची? जाणकारांनी नीट सांगावं.

मांडवी_दरवाजा

भारतीय जेवणाचं पॅकेज घेऊ नका. भारतीय हॉटेल म्हणजे हलाल असं अजिबात नाही. शिवाय दिवसभर भिंतीवर चढून आल्यावर जेवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे संध्याकाळ त्यातच संपते.

चीनमध्ये हुई मुसलमानांची वस्ती शतकानुशतकं आहे. बहुतेक मोठ्या शहरांत त्यांचा मोहल्ला, मशीद, खाटीक आणि खानावळी आहेत. तुम्ही हॉटेल त्या मोहल्ल्याच्या पायी अंतरावर घ्या. जेवण आणि नमाज हे दोन्ही प्रश्न तिथेच सुटतात आणि पर्यटनाची ठिकाणं मेट्रोने जोडता येतात. हॉटेल ठरवताना एवढं एक पाळलंत तरी निम्मी चिंता गेली.

बेइजिंगमध्ये न्यूजिए. इथली मशीद 996 साली बांधल्याचं मानतात. बाहेरून ती चिनी देवळासारखी दिसते, आत मात्र मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) आणि अरबी अक्षरं. मेट्रोच्या 19 नंबरच्या लाइनवर न्यूजिए नावाचंच स्टेशन आहे. रस्त्यावर मटण-बीफची दुकानं, मुस्लिम सुपरमार्केट आणि तांब्याच्या बंबातलं मटण मिळणाऱ्या खानावळी आहेत. बंबात साधं उकळतं पाणी असतं. कागदासारखे पातळ मटणाचे काप चिमट्यात धरून काही सेकंद त्यात बुडवायचे आणि तिळाच्या चटणीला लावून खायचे. काप सगळे एकदम टाकले की चिवट होतात, म्हणून दोन-तीनच टाका. याच पद्धतीचं दोंगलाइशुन हे 1903 पासूनचं जुनं मुस्लिम नाव आहे. बेइजिंगचं प्रसिद्ध भाजलेलं बदक मात्र गृहीत धरू नका. त्या नावाजलेल्या दुकानांत डुकराचं मांसही शिजतं. हलाल बदक हवं असेल तर न्यूजिएतच चौकशी करा.

शिआनमध्ये हॉटेल जुन्या तटबंदीच्या आत, ढोल मनोऱ्याजवळ घ्या. मनोऱ्याच्या मागे बेइयुआनमेनची गल्ली आणि तिच्या पोटात मोठी मशीद. तिथला खास पदार्थ यांगरौ पाओमो, म्हणजे मटणाच्या रश्श्यातली भाकरी. खायची रीत अशी: तुमच्यासमोर रिकामा वाडगा आणि घट्ट कोरड्या रोट्या ठेवतात. त्या हाताने चण्याच्या दाण्याएवढ्या कुस्करायच्या. मग वाडगा आत नेऊन ते रश्श्यात शिजवून आणतात. घाईत मोठे तुकडे केलेत तर रस्सा आत मुरत नाही आणि मधे कोरडं पीठ लागतं. बरोबर गोडसर मुरवलेला लसूण आणि मिरचीची चटणी असते. वाडगा ढवळायचा नाही, एका कडेने खात जायचं.

शांघायमध्ये जुन्या शहरातल्या श्याओताओयुआन मशिदीच्या आसपास राहा. युयुआन बाग पायी अंतरावर आहे आणि बंड नावाचा नदीकाठचा रस्ताही फार लांब नाही.

आता पाटी ओळखणं. हलालसाठी तिकडे "छिंगजेन" म्हणतात. ही दोन चिनी अक्षरं फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. पहिल्याच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब असतात. दुसऱ्याच्या माथ्यावर क्रूस, मधे आडव्या रेघांची उभी चौकट आणि खाली दोन पाय. बहुतेकदा पाटी हिरवी आणि शेजारी अरबी लिपीत हलाल लिहिलेलं असतं. पण नुसता हिरवा रंग पुरावा नव्हे, अक्षरं बघा.

तिन्ही शहरांत कुठेही अडलात तर लान्झोउच्या हाताने ओढलेल्या नूडल्सची दुकानं शोधा. ती बहुतेक हुई किंवा सालार मुसलमान चालवतात. बीफचा रस्सा, नूडल्स समोर ओढून देतात. शेवया बारीक हव्या की रुंद ते आधी सांगावं लागतं. पाटीवर नुसतं लान्झोउ असून छिंगजेन नसेल तर आत जाऊ नका, नक्कल करणारी दुकानंही आहेत. दोघांना पोटभर एकच पदार्थ हवा असेल तर शिनजियांगच्या खानावळीत दापानजी मागवा. कोंबडी, बटाटा, सिमला मिरची आणि खाली रुंद नूडल्स. लहान थाळी सांगा, मोठी चौघांची असते.

सुरसागर_काठ

जेवणाचं वर छान आलंय. त्यात फसण्याच्या जागा जोडतो.

चिनी मेन्यूवर नुसतं "रौ" लिहिलं की ते डुकराचं मांस. बीफ असेल तर न्यूरौ, मटण असेल तर यांगरौ असं स्पष्ट लिहितात. शिआनचा प्रसिद्ध रौजियामो, म्हणजे रोटीत भरलेलं मांस, सर्वसाधारण दुकानात डुकराचाच असतो. मोहल्ल्यातल्या मुस्लिम दुकानात तोच प्रकार बीफचा मिळतो. एकाच नावाच्या दोन वस्तू आहेत, म्हणून दुकान बघूनच घ्या. शांघायची रश्श्याची मोमोजसारखी श्याओलोंगबाओ युयुआन बागेत दर पावलावर दिसतील. त्यात डुकराचं मांस आणि त्याचंच गोठवलेलं सूप असतं.

"आम्ही शाकाहारी घेऊ" हा उपाय साध्या हॉटेलात चालत नाही. भाजी त्याच कढईत, कधी डुकराच्या चरबीत परततात आणि वर तांदळाची दारू शिंपडतात. तिथे हा स्वयंपाकाचा रोजचा भाग आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही. छिंगजेन सापडलंच नाही तर बौद्ध विहारांजवळची शाकाहारी भोजनालयं बरी.

कपातल्या नूडल्सवर गाईचं चित्र आहे म्हणून उचलू नका, मसाल्याच्या पुडीत चरबी कशाची आहे ते चित्रावरून कळत नाही. छिंगजेन छाप असलेलाच कप घ्या. न्यूजिएच्या सुपरमार्केटमधून चार-पाच कप घेऊन ठेवा. चिनी रेल्वेच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, तिथे कामी येतात. भिंतीवर आणि मातीच्या सैनिकांच्या संग्रहालयापाशी जेवणाची सोय भरवशाची नाही, त्या दोन दिवशी सकाळी मोहल्ल्यातून रोट्या बांधून घ्या.

घरून खाकरा, थेपले, लीलो चेवडो खुशाल न्या. मांस, दूध आणि अंड्याचे पदार्थ मात्र चिनी कस्टम आत येऊ देत नाही, ताजी फळं-भाज्याही नाहीत. म्हणजे सुकं मटण, कबाब, पेढे, बर्फी घरीच.

अलकापुरी_रेल्वेवाला

तिकिटांचं सांगतो. तिथे सगळं पासपोर्ट नंबरावर चालतं आणि उशीर केलात की संपतं.

निषिद्ध नगरी, म्हणजे राजवाडा: तिकीट 7 दिवस आधी बेइजिंगच्या रात्री 8 वाजता खुलं होतं, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाच. एप्रिलमध्ये 60 युआन. सोमवारी बंद. दारावर तिकीट मिळत नाही. दक्षिणेच्या दाराने आत आणि उत्तरेने बाहेर, उलटं फिरता येत नाही. समोरच्या तिआनआनमेन चौकासाठी वेगळी नोंदणी लागते, ती विसरली की सुरक्षा तपासणीवरूनच परत पाठवतात.

भिंत: बादालिंगला वेगवान रेल्वे थेट पायथ्याशी जाते, म्हणूनच तिथे गर्दी. मुतिआनयू लांब, पण मोकळं आहे आणि केबल कार आहे. दोघांनाच जायचंय तर मुतिआनयू.

रेल्वे: तिकीट 15 दिवस आधी खुलं होतं. 12306 ही सरकारी साइट इंग्रजीत आहे, पण परदेशी पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून खातं आत्ताच उघडा. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर. बेइजिंग पश्चिम स्टेशनहून शिआन उत्तरला जी गाडीने (ही अतिवेगवान गाडी) साडेचार ते सहा तास. बेइजिंग–शांघाय 1,318 किमी, जलद गाडीला साधारण साडेचार तास. शिआन–शांघाय सहा-सात तास. दुसऱ्या वर्गात एका रांगेत तीन आणि दोन अशा सीट असतात. दोघांसाठी डी आणि एफ मागा, म्हणजे तिसरा शेजारी नाही. कागदी तिकीट नसतं, पासपोर्टच तिकीट. स्वयंचलित दार पासपोर्ट वाचत नसेल तर कडेच्या माणसाच्या रांगेत जा. सामानाची तपासणी प्रत्येक स्टेशनवर होते, फळं कापायची सुरीही काढून घेतात. गाडी सुटण्याआधी काही मिनिटं दार बंद होतं आणि मग कुणाचं ऐकत नाहीत. तासभर आधी पोहोचा.

मातीचे सैनिक: शिआनहून मेट्रोची 9 नंबर लाइन हुआछिंगची स्टेशनपर्यंत, पुढे लोकल बस. 120 युआन, पासपोर्टवर आगाऊ. स्टेशनबाहेर "थेट नेतो" म्हणणाऱ्या खाजगी गाड्या मधे नकली प्रदर्शनं आणि दुकानं दाखवत दिवस घालवतात.

पैसे: अलिपे आणि वीचॅट पे दोन्ही भारतातूनच उघडून पासपोर्ट पडताळणी करून घ्या. त्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, रुपेवर अवलंबून राहू नका. बँकेत आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा आणि ओटीपी येण्यासाठी भारतीय सिम रोमिंगवर ठेवा. बहुतेक लोक इथेच अडकतात, कारण कार्ड जोडलेलं असतं पण ओटीपी येत नाही. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर 3 टक्के लागतं. थोडी रोख सुट्ट्या नोटांत ठेवा.

हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाही, रोमिंगच्या डेटावर चालतं. नकाशाला गाओदेचं ॲप घ्या. टॅक्सीला दीदी, अलिपेच्या आतूनच बोलावता येते.

आणि पॉवर बँक. 28 जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानात 3सी (चीनचा सुरक्षा प्रमाणपत्राचा) छाप नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आपल्याकडच्या बऱ्याच पॉवर बँकांवर तो छाप नसतो. शहरं रेल्वेने जोडलीत तर हा प्रश्न येत नाही.

फतेगंजचा_वाचक

नमाजचं राहिलं होतं.

सगळ्या चीनमध्ये एकच वेळ, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सूर्य मात्र तसा चालत नाही. शिआन शांघायच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे ज़ुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ शांघायपेक्षा सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. ॲपमध्ये शहर बदलायला विसरलात तर शिआनला वेळेआधीच नमाज होईल. किबला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, तिन्हीकडे पश्चिमेला, जरा उत्तरेकडे झुकलेली: बेइजिंगला सुमारे 9 अंश, शिआनला साडेसात, शांघायला सुमारे 15.

तिथल्या मशिदी बहुतांशी हनफी पंथाच्या, असर (तिसऱ्या प्रहरची नमाज) उशिरा होते. तुम्हीही हनफी असाल तर एका शहरात 15 दिवसांपेक्षा कमी मुक्काम म्हणून कसर, म्हणजे प्रवाशाची आखूड नमाज. कोकणी शाफई पंथाचे असाल तर ज़ुहर-असर जमा करता येतात, म्हणजे एकत्र पढता येतात. भिंतीच्या दिवशी त्याचा फार उपयोग होतो.

नमाज मशिदीत किंवा हॉटेलच्या खोलीतच पढा. स्टेशन, बाग, संग्रहालयाचा कोपरा इथे जानमाज (नमाजाची चटई) अंथरू नका. नोंदणीकृत जागेबाहेर धार्मिक विधीला तिथला कायदा परवानगी देत नाही. कुराण आपल्यापुरतं एक न्यावं, वाटण्यासाठी पुस्तकं मुळीच नाही. इमामाला आहोंग म्हणतात. सलाम केलात की पुढचं बोलणं सोपं होतं.

शिआनच्या मोठ्या मशिदीची स्थापना 742 सालची मानतात, आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या. पर्यटकांना तिकीट आहे, नमाजाला आल्याचं दारावर सांगितलंत तर लागत नाही. एकामागोमाग एक आवारं पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, कारण किबला पश्चिमेला. चिनी देवळं दक्षिणेकडे तोंड करून असतात, तो फरक तिथे उभं राहून लगेच जाणवतो. मिनार आठ कोनांच्या पॅगोड्यासारखा आहे. नमाजाच्या दालनात फक्त मुसलमानांना प्रवेश. पर्यटक दारातूनच परततात, तुम्ही आत जाऊन लाकडात कोरलेलं कुराण बघू शकता. ती संधी घाईत घालवू नका, फजरनंतर (पहाटेच्या नमाजानंतर) गर्दी येण्याआधीची वेळ धरा.

तांदळजाकर

जज़ाकल्लाह, सगळ्यांचे आभार. न्यूजिएजवळचं हॉटेल बघतोय. दोन शंका उरल्या: पत्नीला मशिदीत जागा मिळेल का? आणि व्हिसाच्या फोटोत हिजाब चालतो का?

फतेगंजचा_वाचक

न्यूजिएच्या मशिदीत बायकांसाठी वेगळं दालन आहे. शांघायच्या श्याओताओयुआनला लागून तर बायकांची स्वतंत्र मशीद आहे, 1920 सालची. चीनमध्ये बायकांच्या मशिदी आणि त्या चालवणाऱ्या बायका आहोंग ही जुनी परंपरा आहे, वहिनींनी ती आवर्जून बघावी. शिआनला खोलीतच नमाज सोयीची, हॉटेल मशिदीजवळ असल्यावर वुज़ूचीही (नमाजाआधी हात-पाय धुण्याची) घाई नाही. सार्वजनिक संडासात पाणी नसतं आणि बहुधा कागदही नसतो. घडीचा बधना (पाण्याचा लोटा) किंवा झाकणाची बाटली बॅगेत हवीच.

अलकापुरी_रेल्वेवाला

फोटोत धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, मात्र कपाळ ते हनुवटी पूर्ण चेहरा दिसला पाहिजे आणि कडेला सावली नको. पर्यटनाचा व्हिसा एल प्रकारचा. पासपोर्ट किमान 6 महिने वैध, दोन कोरी पानं, जाण्या-येण्याचं तिकीट आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग. रद्द करता येणारं बुकिंग घ्या, आणि परदेशी पाहुणे घेतात ना हे हॉटेलला आधी विचारून घ्या. काही लहान हॉटेलांना परदेशी पासपोर्टची नोंदणी करता येत नाही आणि रात्री काउंटरवर ते कळतं.

दिल्लीहून शांघायची थेट विमानसेवा नोव्हेंबर 2025 पासून पुन्हा सुरू झाली आहे. जाता-येता तीच घेतलीत तर क्रम असा लावा: शांघायला उतरून एक रात्र, मग रेल्वेने शिआन, तिथून बेइजिंग, आणि शेवटचे दोन दिवस पुन्हा शांघाय. विमानात मुस्लिम जेवण, कोड एमओएमएल, किमान 24 तास आधी नोंदवा, तेही जाताना आणि येताना वेगवेगळं.