कोरियन भाषेतील काका, मामा आणि आत्या यांचे शब्द

प्रश्न: आई-वडील व भावंडांचे शब्द तोंडी बसले आहेत, परंतु वडिलांच्या भावासाठी कधी ‘खुनाबोजी’, कधी ‘चागुनाबोजी’, तर कधी ‘सामछोन’ आढळते. कोणता शब्द केव्हा वापरावा?

प्रतिसाद १: वडिलांच्या थोरल्या भावास खुनाबोजी, धाकट्या विवाहित भावास चागुनाबोजी आणि तो अविवाहित असल्यास सामछोन म्हणण्याची रूढ पद्धत आहे. आत्या ‘गोमो’, मावशी ‘इमो’. त्यांना ‘बू’ जोडले की त्यांचे यजमान होतात. सगळ्यांची एकच मोट बांधणाऱ्या इंग्रजीपेक्षा मराठी माणसाला हे सोपे जावे.

प्रतिसाद २: आईकडच्या नात्यांना बहुधा ‘वे’ हा उपसर्ग लागतो, म्हणून मामा ‘वेसामछोन’ आणि आजी ‘वेहालमोनी’, मावशी मात्र अपवाद. ‘छोन’ हे नात्याचे अंतर मोजते: पालक व अपत्य १, सख्खी भावंडे २, काका ३, आणि चुलत, मामे, मावस भावंडे ४, म्हणूनच ती ‘साछोन’ (‘सा’ म्हणजे चार). हाक मारताना मात्र हा शब्द चालत नाही. थोरल्या चुलत भावास मुलगी ‘ओप्पा’ म्हणते, तर मुलगा ‘ह्यॉंग’.

प्रश्नकर्ता: आणि मामीला काय म्हणावे?

प्रतिसाद २: ‘वेसुंगमो’, लिहिताना मात्र मधल्या अक्षराच्या शेवटी ‘क’ येतो.